साखरेचा डबा

भाच्यानं ओट्यावरचं कपाट उघडलं. साखर नव्हती. दुसरं उघडलं, तिथंही नव्हती. दारात उभ्या असलेल्या घरखात्याच्या साहेबानं पालिकेच्या वकीलबाईंकडे पाहिलं आणि गालातल्या गालात हसला.

चहाची युक्ती बाईंचीच. पालिकेची भाड्यानं दिलेली घरं सांभाळायची आणि त्यांच्यासाठी कोर्टात उभं राहायचं, यातच त्यांचे केस पिकले होते. भाडेकरू वारला की कुणीतरी नातलग उगवायचा, आपण इथंच राहत होतो म्हणायचा. मग बाई घर बघायला जात आणि साळसूदपणे चहा मागत. नांदत्या माणसाचा हात न बघता डब्यावर जातो. उपटसुंभाचं पितळ पाणी उकळायच्या आत उघडं पडतं.

इथंही दुसरं काही दिसत नव्हतं. घर मावशीच्या नावावर, आणि मावशी गेलेली; घर परत मिळावं म्हणून पालिकेनं भाच्यावर दावा लावला होता. भाचा तिच्याजवळ राहत होता असं ठरलं तर घर त्याला मिळणार, नाहीतर बाडबिस्तरा उचलायचा. शेजाऱ्यांना तो धड आठवतही नव्हता. तोही असा घुम्या, की विचारल्याशिवाय तोंड उघडेल तर शपथ.

चमचे त्याला खिडकीतल्या कुंडीमागे मिळाले, कप चपलांच्या खणात. मग त्यानं कपडे धुण्याच्या मशीनचं झाकण उचललं, कोपरापर्यंत हात घातला, साखरेचा डबा काढून पुसला आणि दोन चमचे साखर पातेल्यात टाकली.

साहेबाला हसू आवरेना. बाई मात्र भाच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. त्यावर नवलाचा लवलेश नव्हता.

"तिथं कोण ठेवतं साखर?" त्यांनी विचारलं.

"मावशी. शेवटी शेवटी तिला काही आठवायचं नाही. रोज जागा बदलायची."

"त्यांना सांभाळायला तुम्ही इथं राहता, हे पालिकेला का नाही कळवलंत?"

"कळवलं असतं तर तिला इथून हलवलं असतं. कुणाला सांगू नकोस, म्हणाली होती."

"ते तेव्हाचं झालं. आता तरी सामान जागच्या जागी लावून घ्यायचं."

भाच्यानं गॅस बारीक केला.

"अजून सापडतंय तिनं ठेवलेलं," तो म्हणाला. "परवा तिचा चष्मा सापडला, पिठाच्या डब्यात. सगळं सापडलं की लावीन."

बाईंनी चहा संपवला, कप स्वतः विसळला आणि जिना उतरू लागल्या.

"केस खिशात आली म्हणायची," साहेब मागून म्हणाला.

"दावा मागे घ्यायचा," बाई म्हणाल्या. "पालिकेला मी समजावते."

"अहो बाई, त्याला स्वतःच्या घरात साधी साखर सापडेना!"

"सापडली की," बाई थांबून म्हणाल्या. "तुम्हाला सापडली असती का?"