गिळलेले जंतू

भावाच्या फुप्फुसातून धुऊन काढलेला द्रव काचपट्टीवर रंगवून ठेवला होता. सूक्ष्मदर्शकात डोकावताच ताईला हायसे वाटले. वायुकोशांत पहारा देणाऱ्या भक्षक पेशी जंतूंनी ठासून भरल्या होत्या. तिच्या प्रयोगशाळेत या पेशींना मेलेले यीस्ट खाऊ घालत आणि जी अधिक गिळेल ती धडधाकट मानत. तिची नजर त्याच हिशेबाला सरावली होती.

"पेशी जंतू खाताहेत, अगदी तुटून पडल्यात," तिने खाटेपाशी येऊन भावजयीला सांगितले.

"यांच्यापेक्षा बऱ्या म्हणायच्या. यांना दोन घास भरवताना माझाच घाम निघतो."

भावाने ऑक्सिजनचा मास्क जरा उचलला. "ताई, जन्मभर त्यांची चाकरी केलीस. वशिला लागला म्हणायचा! मग यंत्राच्या श्वासासाठी घशात नळी कशाला? डॉक्टरांना सांग, नको."

ताईने तसे सांगितले. डॉक्टरांनी हातातला अहवाल तिच्यापुढे धरला.

"मॅडम, हे मोठ्या इमारतींच्या एसीचं पाणी थंड करणाऱ्या शीतमनोऱ्यांची दुरुस्ती करतात ना? तिथल्या तुषारांतला जंतू आहे. तपासणीत आत्ताच निघाला."

पुढचे सांगण्याची गरज नव्हती. ती ते विद्यार्थ्यांना शिकवत असे. हा जंतू गिळला जातो, पचत नाही. पेशीच्या आतच तो आपली खोली थाटतो, वाढतो आणि पेशी फोडून शेजारणीकडे जातो. तिने पाहिलेली भरलेली पोटे म्हणजे त्याचे पाळणाघर होते. आधीचे औषध पेशीच्या बाहेरच थबकत होते. आत शिरणारे नुकतेच सुरू झाले होते.

ती खाटेपाशी परतली. भावाच्या बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती.

"माझं चुकलं. नळी घालून घे."

"घातली की बरा होईन?"

"वेळ मिळेल. तेवढ्यात औषधानं काम करायला हवं."

"करेल?"

"माहीत नाही."

"शास्त्रज्ञ ना तू?"

"म्हणूनच."

तो हसायला गेला, पण खोकल्याने ते अर्ध्यावरच राहिले. मग त्याने बायकोकडे पाहून होकाराची मान डोलावली.

परिचारिकेने दोघींना बाहेर काढले. दार लागले. बाकावर बसत भावजयीने ताईचा हात धरला.

"ताई, त्या पेशी आत्ता काय करत असतील हो?"

ताईला ते टप्प्याटप्प्याने ठाऊक होते. तिने तो हात नुसता धरून ठेवला.