दोघांमधला ठिपका

ओल्या फडक्याने दगडावरची भुकटी पुसता पुसता पाथरवटाचा हात थांबला. खिशातून बाईंचा कागद काढून त्याने तो दगडाशेजारी धरला आणि मटकन स्टुलावर बसला. अवघे चार शब्द. चारही दगडावर होते, पण कागदावर शेवटी असलेला शब्द दगडावर दुसरा येऊन बसला होता.

"काय झालं?" आतून बायकोने विचारलं.

"नाक कापलं गेलं."

बाई लॅटिन शिकवायच्या. त्यांचे यजमान मागच्या वर्षी गेले. त्यांच्या आठवणीचा दगड उद्या ग्रंथालयाच्या भिंतीत बसायचा होता. मजकूर बाईंनी अकरा वेळा खोडून लिहिला होता आणि देताना बजावलं होतं, "क्रम तेवढा हलवू नका."

पाथरवटाची रीत ठरलेली. एकेक शब्द कागदाच्या पट्टीवर लिहायचा, पट्ट्या दगडावर मांडायच्या, नजरेला पटल्या की छिन्नी धरायची. त्या दिवशी दार उघडलं आणि वाऱ्याने पट्ट्या उडवल्या. त्या परत मांडताना शहाण्याने कागद बघितला नाही, नजरेवर भिस्त ठेवली. दोन शब्दांची पहिली पाच अक्षरं सारखीच, म्हणून जुळ्या भावंडांसारखी ती शेजारी शेजारी बसवली. चाळीस वर्षांत या माणसाचा एक ठिपकाही चुकला नाही, असं लोक सांगायचे. आता दोन शब्द वेगळे करणारे मधले ठिपकेच काय ते कोरायचे राहिले होते. ते तो नेहमी शेवटी करायचा.

"बाईंनी बघायच्या आत तुम्हीच सांगून टाका," बायको म्हणाली.

बाई आल्या तेव्हा त्याने त्यांना बसूही दिलं नाही.

"चूक माझी आहे. आठ दिवस द्या, नवा दगड करतो."

बाईंनी चष्मा लावला. अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं.

"हे असं कोणी लावलं?"

"वाऱ्याने उडवलं, मी लावलं. अर्थाची वाट लागली का?"

"नाही. या भाषेत शब्द कुठेही उभा केला तरी शेपटीवरून, शेवटच्या अक्षरांवरून कळतं, कोण कोणाचं. 'प्रिय पतीसाठी पत्नीने ठेवला' हेच आहे अजून." त्यांनी आपल्या कागदावरचा शेवटचा शब्द दाखवला. "मी स्वतःला शेवटी ठेवलं होतं. ते गेले, मी मागे राहिले, म्हणून."

मग त्यांनी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.

"हा 'पतीसाठी'." बोट तिसऱ्यावर गेलं. "हा 'प्रिय'. तोही त्यांचाच, शेपूट बघा. आणि मध्ये 'पत्नीने', म्हणजे मी. माझ्या दोन्ही बाजूंना तेच आहेत हो. अकरा वेळा लिहून मला हे सुचलं नाही."

पाथरवट दगडाकडे बघतच राहिला. इतकी वर्षं तो या भाषेची अक्षरं कोरत आला होता. ती नुसती शब्दांच्या जागेवरून एवढं सांगत असेल, याची त्याला कल्पनाच नव्हती. त्याला तिचं फार कौतुक वाटलं.

"वाऱ्याला लॅटिन येतं म्हणायचं," तो म्हणाला.

बाई डोळे पुसता पुसता हसल्या. त्याने ठिपक्यांसाठी बारीक छिन्नी उचलली.

"पहिल्या दोघांच्या मध्ये ठिपका नको," बाई म्हणाल्या. लगेच स्वतःच संकोचल्या. "नाही, राहू द्या. लोक म्हणतील, तुम्ही विसरलात."

त्याने दोनच ठिपके कोरले.

दुसऱ्या दिवशी दगड भिंतीत बसला. ग्रंथपाल मागे सरकून कौतुकाने बघत होता. मग त्याने मान वाकडी केली.

"काम सुरेख झालंय. पण इथला एक ठिपका राहिला की."

बाईंनी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी पाथरवट पुढे झाला.

"राहिला खरा," तो म्हणाला. "वय झालं आता."