शंभर टक्के गॅस

सौदी अरेबियात रहमतुल्ला बारा वर्षं वेल्डर म्हणून गॅसच्या पाइपांचे जोड मारत होता, सध्या रास अल खैरच्या वीज प्रकल्पात. त्याने मारलेला जोड कधी गळला असं कुणी ऐकलं नव्हतं. त्याचं घर वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, रस्ता संपून होडी सुरू होते अशा वाडीत. घरी बायको शरफुन्निसा आणि नववीतली मुलगी नूरैन.

२०१८ साली सौदीकरणाची नवी यादी निघाली. कुठल्या कुठल्या जागांवर आता सौदी माणूसच बसणार, ते तीत लिहिलं होतं. कंपनीत सगळ्यांत जास्त घाबरले ते सेफ्टी मॅनेजर विश्वनाथ साहेब. पुण्याचे गृहस्थ, बाहेर पन्नास डिग्री असली तरी लाल टाय लावणारे. त्यांच्या हाताखाली ‘शिकायला’ म्हणून नायिफ नावाचा एक सौदी तरुण येऊन बसलाही होता. आपल्यावाचून कंपनीचं चालणार नाही हे मुदीरला, म्हणजे मोठ्या साहेबांना, पटवणं भाग होतं. म्हणून विश्वनाथ साहेबांनी एक मोहीम काढली. कामगारांच्या गावच्या घरात चुलीत काय जळतं, याची पाहणी.

फॉर्म घेऊन ते स्वतः कॅम्पात आले. खोलीत स्वयंपाकाला बंदी होती आणि ती साहेबांनीच घातली होती. रहमतुल्लाचा खोलीसोबती गुणाजी पलंगाखाली हीटरवर सुरमईचं कालवण शिजवत होता. साहेबांना वास आला, पण मोहीम मोठी होती. त्यांनी वासाकडे दुर्लक्ष केलं.

“घरी कशावर शिजतं?”

“गॅसवर,” रहमतुल्ला म्हणाला.

“सगळं?”

“शंभर टक्के.”

ते अगदीच खोटं नव्हतं. दीड वर्षापूर्वी सरकारी शेगडी आणि सिलिंडर घरी आला होता. हार घातलेल्या सिलिंडरचा फोटो त्याच्या फोनमध्ये होता. शिवाय गॅसच्या पाइपांत उभी हयात घालवलेल्या माणसाने ‘चुलीवर’ म्हणायचं, आणि तेही गुणाजीसमोर!

साहेब गेल्यावर गुणाजीने विचारलं, “वहिनींना विचारलंस?”

“त्यात विचारायचं काय? शेगडी आहे, सिलिंडर आहे.”

“माझ्याकडे काळा कोट आहे. मग मी वकील झालो काय?”

पाहणीत शंभर टक्के सांगणारा रहमतुल्ला एकटाच निघाला. साहेब खूश झाले. ‘खाडीकाठच्या गृहिणीशी थेट संवाद’ असा कार्यक्रम ठरला. रहमतुल्लाने घरी फोन करून एवढंच सांगितलं, “बुधवारी दहाला साहेब लोक बोलतील. नीट बोल.” काय बोलायचं ते सांगायचा धीर त्याला झाला नाही.

रास अल खैरचे दहा म्हणजे वाडीतले साडेबारा, भाकऱ्या थापायची वेळ. हॉलमध्ये मुदीर पुढच्या खुर्चीवर बसले, नायिफने लॅपटॉप जोडला. मोठ्या पडद्यावर नुसतं पांढरं उमटलं.

“नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे,” विश्वनाथ साहेब इंग्रजीत म्हणाले.

पण नेटवर्क खोकत नाही. पांढऱ्यातून खोकल्याची उबळ ऐकू आली. मग नूरैनने फोन सरकवला, आणि धुरापलीकडे डोळे पुसत बसलेली शरफुन्निसा दिसली. चुलीत हातभर लांबीचा ओला ओंडका धुमसत होता.

“ताई, गॅस मिळाल्यावर कसं वाटलं?” साहेबांनी मराठीत विचारलं.

“बरं वाटलं. अडीच महिने वाटलं,” ती म्हणाली. “मग तो संपला. गाडी येते मंगळवारची, नि ती पलीकडच्या धक्क्यावरच थांबते. मंगळवारी ओहोटी असली तर होडी चिखलात. मग गाडीवाला काय आमच्यासाठी थांबतो? गाडी नि भरती एकदम आली तर सिलिंडर. तो पण पाहुण्यांच्या चहाला जपून ठेवायचा. बाकी पुरात नदीने आणलेली लाकडं, झावळ्या, करवंट्या. हा ओंडका वाळलेला नाय, म्हणून तुमाला एवढा धूर.”

विश्वनाथ साहेब मुदीरकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, “गॅसमुळे तिचं आयुष्य बदललं, असं ती म्हणते. ती कंपनीचे आभार मानते.”

मुदीरांनी मान डोलावली. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या. पडद्यावर शरफुन्निसा पुन्हा खोकली. रहमतुल्लाला ते बघवेना. तो उठून उभा राहिला.

“माफी गाझ,” तो मोडक्या अरबीत म्हणाला.

नवीन आलेल्यांना वाटलं, तो माफी मागतोय. जुन्यांना कळलं: गॅस नाही.

मग जमेल तशा अरबीत त्याने सगळं सांगितलं. गाडी, ओहोटी, ओंडका. मुदीरांनी विचारलं, “मग शंभर टक्के कुणी लिहिलं?”

“मीच सांगितलं. लाज वाटली म्हणून.”

विश्वनाथ साहेबांचा चेहरा टायच्या रंगाचा झाला. मुदीर पडद्याकडे वळले. आता काहीतरी घडणार, असं सगळ्यांना वाटलं. मुदीर म्हणाले, “आमची आजी पण लाकडावरच रोटी करायची. फार चव असायची.” मग घड्याळात पाहून ते उठले. “यल्ला,” म्हणजे चला.

महिनाभराने अहवाल छापून आला. त्यात शरफुन्निसाचा धुरातला फोटो होता. खाली लिहिलं होतं, ‘मोहिमेपूर्वी’. शेजारी साहेबांनी रहमतुल्लाकडून आधीच मागवलेला हार घातलेल्या सिलिंडरचा, ‘मोहिमेनंतर’. त्याच आठवड्यात साहेबांच्या खुर्चीत नायिफ बसला आणि विश्वनाथ साहेबांना खुरूज, म्हणजे परत जाण्याचा शिक्का, मिळाला. वेल्डरच्या जागेवर मात्र कुणाचाच डोळा नव्हता. सौदीकरणाची लाट ए.सी. असलेल्या खोल्यांपर्यंतच येत होती.

रहमतुल्ला रमजानच्या सुट्टीत घरी गेला. पहिल्याच मंगळवारी ओहोटीत, गुडघाभर चिखलातून त्याने सिलिंडर खांद्यावर आणला. वाटेत दोनदा रुतला. वाडीतल्या बायका बांधावर उभ्या राहून बघत होत्या.

शरफुन्निसाने त्याच्या पायांवर पाणी ओतलं. “पुढचा आणायला अरबस्तानातनं याल काय?”

तो दुसऱ्या दिवशी गॅस एजन्सीत गेला. आपण गॅसमधलेच आहोत, असं सांगून त्याने कंपनीचं ओळखपत्र दाखवलं. एजन्सीवाल्याने ते उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. “आमचा वार मंगळवार. भरतीला सांगा मंगळवारी यायला.”

सुट्टी संपली, तो परतला. पावसाळा सरल्यावर एका दुपारी शरफुन्निसाचा फोन आला. वाडीतल्या नऊ बायका घेऊन ती एजन्सीत गेली होती. दारातच तीन दगड मांडून त्यांनी चूल पेटवली, ओल्या ओंडक्याची. एजन्सीवाल्याने दहा मिनिटं दम धरला. आता धक्क्यावरच्या मोहियुद्दीनच्या दुकानात सहा सिलिंडर कायम ठेवायचे, होडी येईल तेव्हा न्यायचे, असं ठरलं होतं.

“मला आधी सांगायचं तरी,” रहमतुल्ला म्हणाला.

“सांगून काय करनार होता?” ती म्हणाली. “परत ओळखपत्र दाखवलं असतंत.”