आवाज कमी कर रं

अ‍ॅपमधल्या बाईनं आपलं नाव घेतल्यावर रुपेशला आपण विमानतळावर हरवलेली बॅग असल्यासारखं वाटलं.

"डी जे रूपॅऽश," बाई म्हणाली, "इन द मिक्स."

नम्रतानं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "कशी वाटते?"

"कोन ही?"

"कोन नाय, पप्पा. मशीन हाय. नाव टाइप केलं का बोलते."

मग तिनं समजावून सांगितलं की कोल्हापूर ते कानपूर सगळ्या डीजेंसाठी हल्ली हीच बाई बोलते. पाटण्यात हीच, सुरतेत हीच. रुपेशनं विचार केला, नद्यांच्या पाण्यावरून भांडणारा देश निदान एका बाईवर तरी एकमत झाला, ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त ती बाई आपल्या घरात नको होती.

नम्रता त्याची एकुलती एक मुलगी. कर्जतजवळच्या एका रिसॉर्टच्या ऑफिसात कामाला होती. तिथं शहरातली माणसं लग्न करायला यायची, त्यामुळे देशाची आवड तिला रोजच्या रोज कळायची. तिची मैत्रीण ऋतिका, हिची दहिवलीत शनिवारी हळद होती आणि डीजे रुपेशचा होता. ऋतिकानं सगळं ठरवून दिलं होतं. आधी पंजाबी ढोलावर एंट्री, मग टेक्नो, मग धूर. एकदम नॅशनल लेव्हल. आणि एक विनंती होती, ती मात्र ऋतिकानं स्वतः न सांगता नम्रताकडून सांगितली. तेवढं 'ते' मध्ये नको.

'ते' म्हणजे छाया.

प्रत्येक डीजेच्या गाण्यात मध्येच कोणीतरी त्याचं नाव पुकारतं, म्हणजे गाणं कोणी चोरलं तरी चोरीचा माल कोणाचा ते कळतं. रुपेशच्या गाण्यात नावाच्या जागी त्याची बायको ओरडायची. "ए रुपेश, आवाज कमी कर रं!"

हे त्यानं ठरवून केलेलं नव्हतं. मोबाइलला बटणं होती त्या काळात चौक गावातल्या घरात, जुन्या कॉम्प्युटरवर त्यानं पहिलं गाणं केलं. पुठ्ठ्याच्या खोक्यात माइक ठेवून ढोलकी वाजवत होता. आत छाया भाकऱ्या थापत होती. तिचा संयम संपला आणि ते वाक्य माइकात गेलं. त्यानं ते पुसलं असतं, पण पुसायचं बटण त्याला तेव्हा सापडलं नव्हतं. शिवाय पुन्हा ऐकलं तर वाक्य ठेक्यात बसलेलं. चार ठोक्यांत सुरू, चार ठोक्यांत खलास. छायाला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण रागावायची ती तालात.

गाणं खालापूरकडच्या एका हळदीत वाजलं. ते वाक्य आलं तसे लोक आधी दचकले, मग हसले, मग म्हणाले, परत लाव. छाया आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्यानंतर मात्र जवळपास कुठं हळद असली की मागच्या रांगेत जाऊन उभी राहायची, आणि ते वाक्य आलं की 'कोण ही बया' अशा चेहऱ्यानं इकडंतिकडं बघायची.

नम्रता बालवाडीत असताना छाया काविळीनं गेली. फोटो पुष्कळ होते. आवाज तेवढा एकच राहिला होता, तोही रागावलेला.

तेव्हापासून दोन तालुके रुपेशला आवाज कमी करायला सांगत होते. हळदीला, गणपतीत, एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत. वाक्य यायच्या जागेला गाणं थांबायचं, माणसं हात वर करायची आणि छायाबरोबर एका सुरात ओरडायची. रुपेश त्याच क्षणी आवाज वाढवायचा. तो आता रिवाजच झाला होता. बायकोचं ऐकायचं नाही, असा कार्यक्रमच होता तो.

"तुमाला वाईट वाटंल," नम्रता म्हणाली, "पण आई काय आयुष्यभर ओरडतच राहनार का? तिला बी आराम द्या ना जरा."

जिवंतपणी तिला आराम दिला नाही, हे तर खरंच होतं.

तसं त्याच्या धंद्यात सगळं वरूनच येत आलं होतं. दिल्लीकडचं गाणं निघायचं आणि वाटेत जो जो भेटेल तो त्याच्या अंगावर काहीतरी चढवायचा. कोणी ढोल, कोणी सनई, कोणी मध्येच सायरन. चौक फाट्यावर उतरलं की रुपेश त्याच्याखाली आगरी ठेका घालायचा. मूळ गायकानं ते ऐकलं असतं तर पोलिसांत हरवल्याची तक्रार दिली असती. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. आलेल्या पाहुण्याला घरची लुंगी द्यायची असते. पण आता पाहुणे म्हणत होते, लुंगी नको, तुम्हीच पँट घाला. कर्जतच्या फार्महाउसांवर मुंबईची माणसं जे ऐकायची, त्यात मोटर चालू झाल्यासारखा आवाज यायचा आणि पाणी काही यायचं नाही. तेच आता दहिवलीच्या हळदीत हवं होतं.

त्यानं छायाला काढलं. कानाला हेडफोन लावून एकेका गाण्यातून कापली. हेडफोनमध्ये त्या वाक्याच्या आधी दोन थापाही ऐकू येतात, भाकरीच्या, आणि थोड्या बांगड्या. स्पीकरच्या बॉक्सवर ते बेसखाली गडप होतं, त्यामुळे ते फक्त त्यालाच माहीत होतं. कोणाला सांगायचा विषय तो नव्हता.

मोकळ्या झालेल्या जागेत त्यानं मशीनची बाई बसवून पाहिली. बसेना. ती लवकर आटपायची आणि पुढचे ठोके तसेच रिकामे राहायचे. शेवटी त्यानं तिलाही काढली आणि जागा रिकामीच ठेवली. छायाचं वाक्य त्यानं कंट्रोलरच्या कोपऱ्यातल्या एका बटणावर नेऊन ठेवलं आणि चुकून हात पडू नये म्हणून बटणावर लाल टिकली चिकटवली. टिकली लावल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण नेमकं उलटं केलं. आता पहिली नजर तिथंच जात होती.

शनिवारी 'नम्रता साउंड, चौक' असं लिहिलेला टेंपो दहिवलीत ऋतिकाच्या दारात पोचला, तर तिचे वडील श्रीपतशेठ रस्त्यातच हात जोडून उभे. समोरच्या घरातली येसूबाई आदल्या दिवशी गेली होती. तिच्या नवऱ्याला, आबाजीला, श्रीपतशेठ सकाळीच भेटून आले होते. भावकी वेगळी, म्हणजे सुतक नव्हतं. हळद थांबवू नका, असं म्हातारा स्वतःच म्हणाला होता. पण समोर मयत झालेली असताना बॉक्स लावायचा नाही, ही आळीची रीत होती. ती कोणी लिहिलेली नव्हती, त्यामुळे मोडायचीही सोय नव्हती.

"म्हंजे हळद हाय," श्रीपतशेठ म्हणाले, "पन वाजवायचं नाय."

ऋतिका आत रडत होती. रुपेशनं टेंपोवरची दोरी पुन्हा आवळायला घेतली. तेवढ्यात नम्रतानं रिसॉर्टवर फोन लावला. तिथं रात्री दहानंतर बॉक्स बंद करावे लागायचे, म्हणून पाहुण्यांसाठी बिनवायरचे हेडफोन ठेवलेले होते. सगळ्यांच्या कानात एकच गाणं, बाहेर चिडीचूप. मुंबईची माणसं त्यासाठी पैसे मोजायची. दहिवलीला ते फुकटात, दुखवट्यापोटी मिळत होतं. टेंपो गेला आणि खोकी घेऊन आला.

ऊन उतरायला आळी हेडफोन लावून मांडवात जमली. बायकांनी डोक्यावरून पदर घेतला आणि पदरावरून हेडफोन चढवले. हिरूमावशीनं, जिच्याशिवाय त्या आळीत हळद लागत नसे, रुपेशला बाजूला घेऊन विचारलं की यात दुसऱ्या कोणाचे फोन तर लागणार नाहीत ना. तिची पुण्याची सून रोज या वेळेला फोन करायची आणि ते तिला नको होतं.

पंजाबी ढोल कानाकानांत सुरू झाला आणि ऋतिका पिवळ्या साडीत नाचत आली. बाहेरून ते बघणं विलक्षण होतं. आवाज फक्त पायांचे, बांगड्यांचे, आणि कोणाच्या तरी गुडघ्याचा. माणसं एकाच वेळी वळत होती, एकाच वेळी वाकत होती. आळीतला कुत्रा हे सगळं पाहून उठला आणि दुसऱ्या आळीत राहायला गेला. टेक्नो सुरू झाला. श्रीपतशेठ डोळे मिटून दोन्ही हातांनी न दिसणारी विहीर उपसत होते.

रुपेश खुशीत होता. नॅशनल लेव्हल जमत होती. आणि मग ती जागा आली.

रिकामी ठेवलेली जागा. सगळ्यांच्या कानात गाणं थांबलं. छाया तिथं नव्हती, बाईही नव्हती. पण इतक्या वर्षांची सवय कुठं जाते? अख्ख्या मांडवाचे हात वर गेले.

"ए रुपेश, आवाज कमी कर रं!"

कान बंद असलेल्या माणसाला आपण किती जोरात ओरडतो ते कळत नाही. त्या शांत आळीत ते वाक्य एखादं पत्र्याचं छप्पर कोसळावं तसं पडलं. सगळ्यात जोरात ऋतिका ओरडली होती, गालाला हळद, हात आभाळात.

समोरचं दार उघडलं.

आबाजी बाहेर आला. खांद्यावर पंचा, डोळे सुजलेले. एकेक करून सगळे थांबले. श्रीपतशेठ धावत पुढं गेले आणि माफी मागायला लागले, पण हेडफोन कानावरच राहिल्यामुळे "आबा, चूक झाली" हे कर्जत स्टेशनापर्यंत गेलं. म्हाताऱ्यानं हात वर करून त्यांना गप्प केलं आणि तो सरळ रुपेशच्या टेबलाशी आला. रुपेशला वाटलं, आता हा आपल्या अंगावर हात टाकणार. टाकला तर मार खायचा, एवढंच त्यानं ठरवलं.

"काय म्हनली समदी?" आबाजीनं विचारलं.

"आवाज कमी कर, म्हनली."

आबाजीनं वळून आपल्या उघड्या दाराकडे पाहिलं. "येसू बी म्हनायची. टीव्हीला." मग म्हणाला, "परवा बी म्हनली. मी नाय केला."

आबाजीनं पंचा दुसऱ्या खांद्यावर टाकला.

"पयली कोन म्हनली हे?"

"मंडळी आमची."

"हाय?"

"नाय."

आबाजीनं मान हलवली. टेबलावरचा एक हेडफोन उचलला आणि फोन धरावा तसा एकाच कानाला लावला. "यात ती येत नाय," तो म्हणाला. "काढलीस का तिला?"

रुपेशनं नम्रताकडे पाहिलं. ती मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती, हेडफोन कानावर, ओठ घट्ट मिटलेले. त्यानं गाणं बंद केलं, ढोलकीसुद्धा. मग टिकलीवर बोट ठेवलं.

आळीतल्या प्रत्येक कानात आधी एक थाप आली. मग आणखी एक. किंचित बांगड्या. आणि मग बेस नाही, ठेका नाही, नुसती स्वयंपाकघरातून हाक मारणारी एक बाई बोलली. या वेळी तिच्याबरोबर कोणी ओरडलं नाही. तिचं बोलून होईपर्यंत सगळे थांबले.

नम्रतानं आपला हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला होता.

"पप्पा," ती म्हणाली, "भाकरी थापत होती?"

रुपेशनं मान हलवली.

"परत लावा."

त्यानं परत लावलं. आबाजीनंही परत ऐकलं, कान तसाच टेकवून, समोरचं माणूस अजून काही बोलेल म्हणून थांबतात तसा. मग हेडफोन जपून टेबलावर ठेवला.

"बरोबर बोलतं रं ते मानूस," तो म्हणाला. श्रीपतशेठला म्हणाला, नाचू दे पोरांना, पोरीची हळद आहे. आणि आपल्या ओट्यावर जाऊन बसला. दार त्यानं लावलं नाही.

हिरूमावशीनं डोळे पुसले आणि पदर सारखा करून हेडफोन पुन्हा नीट बसवला. ऋतिका टेबलापाशी आली. टिकलीच्या बटणाकडे बोट दाखवून तिनं होकाराची मान हलवली आणि परत आपल्या जागेवर गेली.

रुपेशनं गाणं पुन्हा सुरू केलं. पाय हलायला लागले, बांगड्या वाजायला लागल्या. ती जागा जवळ आली तेव्हा त्याचं बोट टिकलीवर होतं. थाप, थाप, आणि छाया बोलली. आळी तिच्याबरोबर बोलली, पण हळू, समोरच्या ओट्याकडे बघत.

इथं तो नेहमी आवाज वाढवायचा. हात सवयीनं आवाजाच्या खटक्याकडे गेलाही.

रुपेशनं आवाज कमी केला. थोडासाच. कोणाच्या लक्षात आलं नाही.