हात नीट दिसणारा फोन

नोएलियानं निळ्या फोनचा आवाज पार वर नेला आणि फोन थेट बासिलिओच्या कानाला लावला. "ऐका काका, ऐका! भिंतीपलीकडचा शेजारी झोपेतून उठून बसेल!"

बासिलिओ जन्माचा बहिरा. त्यानं मोठ्या आदबीनं मान डोलावली आणि लेकीकडे वळून हातांनी विचारलं, "काय म्हणतेय ही?"

"म्हणतेय, आवाजानं शेजारी जागा होईल."

"मग शेजाऱ्यालाच विकून टाक म्हणावं."

याहोस्काला हसू आवरेना. बाप काय म्हणाला ते तिनं सांगितल्यावर नोएलियानं जीभ चावली, आणि मग तीही हसत सुटली. मसायाच्या बाजारात बारा वर्षं दुकान चालवणाऱ्या बाईला असं गप्प करणारं गिऱ्हाईक रोज येत नाही.

सकाळपासून बापलेकीनं चार दुकानं पालथी घातली होती. आता या काचेच्या टेबलावर दोनच फोन उरले होते. निळा पाच हजार कोर्दोबांचा, काळा दोनशेनं स्वस्त, दोन्ही गरिबाचेच. निळ्याचा पडदा चांगला ऐसपैस, बॅटरी दोन दिवस पुरणारी. काळा आखूड, संध्याकाळपर्यंत कसाबसा तग धरणारा, पण त्याचा समोरचा कॅमेरा बरा, असं म्हणत होते. म्हणत होते, एवढंच. फोनांची तुलना करणारे व्हिडिओ याहोस्कानं आठवडाभर बघितले होते. मेले फुलांचे फोटो काढतात, फोन पाण्यात बुडवतात, वरून खाली आपटतात. पण कॅमेऱ्यासमोर दोन हात भराभर हलवून बघावेत, हे एकालाही सुचू नये? बासिलिओला नेमकं तेवढंच तर हवं होतं.

कारण परवा पहाटेच्या बसनं याहोस्का शेजारच्या देशात, कोस्टा रिकाला, निघणार होती. एका आजारी म्हातारीची देखभाल करायला, दोन वर्षांसाठी. बासिलिओला पत्र वाचता येत नव्हतं, मेसेज वाचता येत नव्हता. पंधराव्या वर्षी तो राजधानीत, मानाग्वाला, बहिऱ्यांच्या शाळेत गेला. तिथं पोरापोरांनी मिळून हातांची भाषा उभी केली होती, ती त्यानं अधाशासारखी उचलली. अक्षरं मात्र काही केल्या डोक्यात शिरली नाहीत. बायको होती तोवर घरात हातांनी बोलणाऱ्या दोघी होत्या. ती वारली आणि उरली एकटी याहोस्का. मोनिंबो वस्तीतल्या त्यांच्या गल्लीतली माणसं चांगली होती. येता-जाता हात करायची, तोंडाकडे बोटं नेऊन जेवलास का विचारायची. पण त्याला काही बोलणं म्हणत नाहीत. पोरगी गेल्यावर बासिलिओनं बोलायचं तर या एवढ्याशा काचेतूनच बोलायचं होतं.

"उगाच वाद नको," याहोस्का म्हणाली. "मी चर्चपाशी जाऊन कॉल करते. दोन्हींवर बोलून बघू."

ती आपला जुना फोन घेऊन गेली. नोएलियानं निळा फोन दुकानाच्या वायफायला जोडला आणि बासिलिओच्या हातात कोंबला. त्यानं तो परत दिला. तिनं पुन्हा कोंबला. अगं बाई, एका हातानं फोन धरला तर माणसानं बोलायचं कशानं? शेवटी त्यानंच चार्जरची खोकी एकावर एक रचली, फोन त्यांना टेकवून उभा केला आणि दोन पावलं मागं सरकला.

पडद्यावर याहोस्का आली. केवढी मोठी! मागं चर्चच्या पायऱ्या, बर्फाच्या गोळ्याची गाडी, आणि मध्ये ही. हनुवटीवरची खळीसुद्धा दिसत होती. त्या खळीला दोन बोटं टेकवायची, हेच तिचं हातांच्या भाषेतलं नाव होतं. बासिलिओनं तिथंच मनाशी ठरवून टाकलं की घ्यायचा तर हाच.

"दिसते का मी?"

"स्वच्छ. नाक पूस."

"बरं, आता तुम्ही बोला."

तो बोलला. पोरीनं डोळे बारीक केले, फोन नाकाशी नेला. "हळू बाबा. हातांची नुसती पेज झालीये इथं. काही कळत नाही."

तो पुन्हा बोलला. तिनं पुन्हा नाही म्हटलं.

पोरीनं तिकीट काढल्यापासून ती समोर आली की बासिलिओ विकायच्या दोरीच्या झोपाळ्याचं विणकाम ओढून बसायचा. हात कामात असले की काही बोलावं लागत नाही. आज हात रिकामे होते आणि समोरच्या माणसाला ते दिसत नव्हते. मग काय झालं कुणास ठाऊक, इतक्या दिवसांचं दाबलेलं सगळं एकदम वर आलं.

"जाऊ नकोस," तो भराभर म्हणाला. "मी एकटा काय करू गं? घरात माझ्याशी कोण बोलणार? मला भीती वाटते. जाऊ नकोस."

बोलून टाकल्यावर त्याला कसं हलकं हलकं वाटलं.

पडद्यावरच्या याहोस्कानं फोन आणखी जवळ घेतला. "काय म्हणालात?"

"तिकडं थंडी असते म्हणे. स्वेटर घे." हे मात्र त्यानं इतकं सावकाश सांगितलं की तिला बरोबर पोचलं.

मग काळ्याची पाळी. त्यात याहोस्का तळहाताएवढी झाली, पण तिकडं तिचा चेहरा खुलला. "बाबा! करंगळीसुद्धा दिसतेय! बोला, काहीही बोला!"

बासिलिओनं हात वर केले. ते नुसतेच वर राहिले. "भूक लागलीये," तो शेवटी म्हणाला. "लवकर ये."

ती दुकानात पाऊल टाकते तोच त्यानं सांगून टाकलं, "निळा."

"निळ्यात तुमचे हात दिसत नाहीत."

"मला तू दिसतेस. मोठी दिसतेस. बास झालं."

"आणि तुमचं बोलणं?"

"म्हाताऱ्याचं मेलं काय बोलणं असतं! खाल्लं, विणलं, झोपलो. तेवढं सावकाश सांगेन, कळेल तुला."

त्याचं बोट निळ्याकडे गेलेलं नोएलियानं पाहिलं होतं. "निळा उत्तमच आहे," ती मध्येच म्हणाली. तिच्या दृष्टीनं दोनशे कोर्दोबांचा प्रश्न होता. दोघांपैकी कुणीही तिच्याकडे पाहिलं नाही.

याहोस्का बापाच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. "बाबा, तो कॅमेरा जे हलतं तेवढंच पुसतो. तुमचे हात पुसले. चेहरा हलत नव्हता."

हातांच्या भाषेत अर्धं बोलणं चेहऱ्यावर असतं, हे बासिलिओइतकं कुणाला ठाऊक? आणि ही पोर तर चालायला लागायच्या आधी त्याचा चेहरा वाचायला शिकली होती.

"भीती मला स्पष्ट दिसली," ती म्हणाली. "बाकीचा अर्थ मी लावला. तुम्ही फक्त हो म्हणा, मी आत्ता जाऊन तिकीट परत करते." तिचे डोळे भरून आले होते. ती ते करणार होती, यात काही शंका नव्हती.

बासिलिओनं फक्त मान हलवायची होती. त्याला ती हलवावीशी वाटली, फार वाटली. पण म्हातारीच्या घरचे लोक याहोस्काला संध्याकाळी नर्सिंगच्या वर्गाला सोडणार होते, आणि इथं राहून ती काय करणार, तर त्याचे झोपाळे खांद्यावर टाकून पर्यटकांच्या मागं फिरणार. त्याला स्वतःचाच राग आला. पोरीपासून लपून बोलायला मिळावं म्हणून आपण फोन पसंत करत होतो!

त्यानं निळा फोन बाजूला सारला, हात छातीसमोर आणले आणि एकेक बोट दिसेल असं बोलू लागला. "जाऊ नकोस, असं मी म्हणालो. खरंच म्हणालो. तू तिकडं गेल्यावरही म्हणेन, जेव्हा वाटेल तेव्हा म्हणेन. तू ते सगळं बघायचं, रडू आलं तर रडायचं, आणि दोन वर्षं पुरी केल्याशिवाय परत यायचं नाही. कळलं?"

याहोस्कानं ओठ घट्ट मिटून हो म्हटलं.

"काय ठरलं मग?" नोएलियानं विचारलं. "काका काय म्हणतात?"

पोरगी डोळे पुसत होती. तेव्हा बासिलिओनंच काळा फोन उचलला आणि नोएलियाच्या पुढ्यात ठेवला.