वास पॉलिशचा आहे

"हे सांगितलं तर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," एवढी प्रस्तावना केल्याशिवाय पॉलिशवाल्याच्या तोंडून साधे किती वाजले तेसुद्धा बाहेर पडत नसे. दारू सोडणाऱ्यांच्या मंडळात खरी नावं सांगायची पद्धत नव्हती. त्याचं नाव पहिल्याच बैठकीत 'चकाकी' पडलं आणि त्याला ते आवडलंही.

खरं तर पहिल्या रविवारी तो भलत्याच वर्गात शिरला होता. मंडळ भरायचं ती शाळा तीच, दुपारची वेळ तीच, दारावर कागद कुठलाच नाही. तिथं त्यानं तासभर आपल्या दारूची कहाणी रंगवली, लोकांनी मन लावून ऐकली आणि शेवटी एका बाईंनी काळजीनं विचारलं, की उपाशीपोटी साखर किती येते? ते मधुमेहवाल्यांचं मंडळ निघालं. पुढं शेजारच्या वर्गात, म्हणजे खऱ्या मंडळात, हा किस्सा सांगताना तो शेपूट जोडायचा, की त्या दिवसापासून आपण साखरेला शिवलेलो नाही. सोडायचं म्हटलं की आपल्याला असा कितीसा वेळ लागतो.

तिसरीच्या बुटक्या बाकांवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेले बाप्ये खो खो हसायचे. इतर कुणी बोलायला उभं राहिलं की रुमाल निघत. चकाकी उभा राहिला की पोटं दुखत. त्यानं म्हणे एक कपाट असं घासलं होतं, की रात्री घरात शिरलेला चोर त्यात स्वतःचं तोंड बघून, मालक जागा आहे समजून पळाला. मंडळ चालवणारा निवृत्त बस कंडक्टर अकरा वर्षं कोरडा होता. किस्सा लांबला की तो म्हणायचा, "आटपा, मागं लोक उभे आहेत."

चकाकी मात्र तिथं हसवायला आला नव्हता. बायको लेकीकडे राहायला गेली होती. लेकीनं फोनवर एवढंच सांगितलं होतं, की बाबा, नव्वद दिवस त्या मंडळात बसा, थेंबाला शिवू नका, मग आईला मी स्वतः आणून सोडते. आईनं फोन हातात घेतला नव्हता.

दुसऱ्या रविवारी कंडक्टरनं जवळ येऊन त्याचा वास घेतला. चकाकीचं उत्तर तयार होतं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापडाचा बोळा करून लाकडावर फिरवायची. दिवसभर तेच नाकात, तेच कपड्यांत. धंदाच तसला, वास पॉलिशचा आहे. एका प्लंबरनं मान डोलावली, माझ्या मेव्हण्यालाही असाच यायचा म्हणाला, आणि विषय मिटला.

पहिले पाच दिवस खरे होते. सहाव्या दिवशी तो घसरला, पण आकडा थांबला नाही. दर रविवारी उभं राहून बारा, एकोणीस, सव्वीस असा तो चढत गेला आणि लोक टाळ्या वाजवत गेले. फर्निचरच्या दुकानानं त्याला बोलावणं कधीच बंद केलं होतं. हात थरथरायचा, लाकडावर पट्टे उठायचे. आता तो बैठकीआधी घरी दोन घोट घ्यायचा आणि स्पिरिटच्या बाटलीत बोळा बुडवून कॉलरला लावायचा, अत्तर लावावं तसा. तीस वर्षांच्या कसबाचं एवढंच काम उरलं होतं.

मंडळाचा एक रिवाज होता. ज्याचे नव्वद दिवस भरले, त्याच्या घरच्या माणसानं यायचं, त्याचं बोलणं पुरतं ऐकायचं आणि त्याला एकच प्रश्न विचारायचा. उत्तर पटलं तर घर पुन्हा जुळलं. चकाकीनं आठवडाभर आरशासमोर सगळी उत्तरं घोकली. पुन्हा पिणार का, याचं. मला का मारलंत, याचं. आमची आठवण आली का, याचंसुद्धा. ते म्हणताना आवाज कुठं कापरा करायचा हेही ठरलं होतं.

त्या दिवशी बायको मागच्या बाकावर बसली. पायाशी कपड्यांची बॅग होती. बॅग बघून त्याला अवसान चढलं.

हे कुणाला खरं वाटणार नाही, म्हणत तो सुरू झाला. एका जेवणाच्या टेबलाला शेवटचा हात मारताना त्यात आपलाच चेहरा उमटला आणि त्यानं विचारलं, लाज वाटते का रे? तिथंच पेला पालथा केला. तेव्हापासून काम एके काम. कालच बारा खुर्च्या हातावेगळ्या केल्या, हा वास त्यांचाच, तेवढा माफ करा. वर्ग हसला, काहींनी डोळे पुसले, कंडक्टरनंही आज घाई केली नाही.

"वहिनी, विचारा," कंडक्टर म्हणाला.

ती उठून पुढे आली. 

"काल बारा खुर्च्या केल्या?"

"केल्या की. दुकानात विचार हवं तर."

"दुकानात कशाला? तुमची नखं दिसतायत ना मला." तिचा आवाज चढला नाही. "लाखेनं तपकिरी झालेली ही नखं तीस वर्षं घासली मी. लिंबानं, रॉकेलनं, लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी तर दगडानं. डाग कधी निघाले नाहीत. आज लहान पोरासारखी स्वच्छ आहेत. महिनोन् महिने पॉलिशला हात लागलेला नाही तुमचा. खोटं बोलताय तुम्ही. हा वास पोटातला आहे."