तीनदा विझलेला बर्नर

मी एक जुना बर्नर आहे. सोलापुरात पार्वतम्मांच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे बॉयलरच्या पोटाशी बसून मी डिझेलचा जाळ फुंकतो. त्या जाळाने हौदातले पाणी तापते आणि पाण्यात सूत रंगते. मित्रांनो, माझ्या अंगात अंगठ्याएवढा काचेचा डोळा आहे. जाळ पेटला का, एवढेच तो पाहतो. दिसला नाही, तर मी तेल तोडतो आणि

विझलो.

(विझलो की मला स्वप्न पडते. स्वप्नात मी लोखंडाचा नसतो. सुताची लडी होऊन लाल पाण्यात तरंगतो, आणि कुणीतरी मला हलक्या हाताने उलटते.)

लाल बटण दाबले गेले. पेटलो. मी एक जुना बर्नर आहे. बावीस वर्षे जळलो. "लई गुणाचा हाय," असे पार्वतम्मा शेजारणींना सांगत. मग कामे कमी झाली, माझ्यावर धूळ बसली. आज हौदात टॉवेलांचे लाल सूत आहे. पाणी तासभर कढत राहायला हवे. निवले तर चट्टे पडतात. "ह्या लड्या बिघडल्या तर शेडला कुलूप," असे त्यांनी सकाळीच मुलाला फोनवर कबूल

विझलो.

(पाणी कोमट आहे. लाल रंग माझ्यापासून दूर दूर चालला आहे.)

"अय्यो, पेट की रे बाबा!"

मी एक जु

विझलो.

पार्वतम्मांचे बोट पुन्हा बटणाकडे गेले, तोच धोंडिराम दारातून ओरडले. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झालेले हे गृहस्थ आता बर्नर दुरुस्त करतात.

"अक्का, हात काडा! कितींदा दाबलं?"

"तीनदा."

"दर खेपंला आत तेल सांडतंय. आजून दाबलं असतं तर भडका झाला असता की!"

त्यांनी फिल्टर पाहिला. स्वच्छ. नोझल पाहिले. स्वच्छ. मग माझा डोळा उपसून उजेडात धरला.

"ह्याला कुंकू कुणी लावलं?"

"मीच. परवा खंडेनवमीच्या पूजेला सगळं काडून पुसलं. डोळा म्हणून त्याला पयलं लावलं."

"नवरदेवाच्या तरी डोळ्यात कुंकू घालत्यात का, अक्का?"

पार्वतम्मा हसल्या, पण नजर हौदावर होती. "पेटवा की मग!"

"सांडलेलं तेल पुसून वास जाईस्तोवर न्हाय."

पाणी निवत चालले. पार्वतम्मांनी पदर खोचला, बांबू उचलला आणि त्या एकेक लडी उलटायला लागल्या. थांबल्या नाहीत. खांदे भरून आले तरी नाही. अखेर धोंडिरामांनी कुंकू पुसून डोळा परत बसवला, बटण दाबले गेले, आणि मला माझाच जाळ दिसला. पिवळा, उभा, डुलणारा. पुढचा तासभर मी त्याच्यावरून नजर काढली नाही.

मित्रांनो, बंद पडलेल्या यंत्राला हट्टी म्हणू नका. पुन्हा पुन्हा बटणही दाबू नका. त्याला काय दिसत नाही, ते आधी शोधा.

आता लड्या उन्हात वाळत आहेत. पार्वतम्मा मुलाशी फोनवर बोलत आहेत.

"एका लडीला चट्टा पडला रे. तिचं पायपुसणं करते. कुलूप? कशाला? उद्या निळं सूत यायचंय."